चादरीखालची रायफल

जर्मनीत मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "वाल्डॉर्फला का?" म्हणजे तिथल्या त्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत का. मी म्हणतो, "मी नाही, बायको." मग दुसरा प्रश्न येतो, "अच्छा, आणि तुम्ही?" इथे मी एकोणीस वर्षं अडखळत आलो. सुरुवातीला "मेकॅनिकल" एवढंच म्हणायचो. एकदा मंडळाच्या गणपतीत खरं सांगून पाहिलं, "बंदुका दुरुस्त करतो." समोरच्या गृहस्थांनी हातातला मोदक ताटलीत परत ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीला हळूच जवळ ओढून घेतलं.

आता निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला, "तुमच्या व्यवसायातला एखादा अभिमानाचा प्रसंग लिहा ना." आठवून पाहिलं. अभिमानाचे प्रसंग दीड निघाले. त्यापेक्षा ज्या प्रसंगात मी सगळ्यात जास्त मूर्ख ठरलो तो लिहितो. तो निदान पूर्ण आहे.

मी मूळचा आयटीआयचा फिटर. भोसरीच्या एका टूलरूममध्ये कानस मारत होतो. बायकोला, विद्याला, इथे नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाला चिकटून मी आलो. सहा महिने घरी बसून जर्मन शिकत होतो. एक दिवस गावातल्या एका दुकानाच्या काचेवर मदतनीस हवा असल्याची पाटी दिसली. दुकानाचं नाव होतं 'ब्युक्सनमाखर'. माखर म्हटलं की आपल्याला गणपती आठवतो, पण जर्मनमध्ये माखर म्हणजे करणारा, एवढं मला येत होतं. आणि ब्युक्स म्हणजे डबा, हे क्लासच्या तिसऱ्या धड्यात झालं होतं. म्हणजे डबे करणारा. मी म्हटलं, पत्र्याचं काम दिसतंय, जमेल. आत गेलो तर भिंतीवर रायफलींची रांग. ब्युक्सचा दुसरा अर्थ रायफल, हा बहुधा चौथ्या धड्यात असावा.

मालकीण फ्राऊ हार्टुंग स्वतः माइस्टरिन, म्हणजे या कामाची सनद असलेली कारागीर. तिने माझं तोडकंमोडकं जर्मन तीन वाक्यं ऐकलं आणि हात वर करून थांबवलं. लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आणि कानस हातात दिली आणि म्हणाली, "याचा ठोकळा करा. सगळ्या बाजू सारख्या." चार तास लागले. तिने ठोकळ्याला गुण्या लावला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "गेनाऊ." म्हणजे अगदी बरोबर. नोकरी लागली. 'पोंक्षे' हे नाव मात्र तिच्या जिभेला शेवटपर्यंत जमलं नाही. मी दुकानात 'हेर पुंक्ट' झालो. हेर म्हणजे श्रीयुत आणि पुंक्ट म्हणजे पूर्णविराम.

लोकांना वाटतं, बंदुकीच्या दुकानात काहीतरी थरारक चालत असेल. आमच्याकडे चालायचं ते गंज काढणं, दमलेल्या स्प्रिंगा बदलणं आणि कुणीतरी चुकीच्या पेचकसाने खाल्लेले स्क्रू बाहेर काढणं. गिऱ्हाईक म्हणजे शिकारी आणि नेमबाजी क्लबातले लोक, बहुतेक साठीच्या पुढचे. एक शिकारी सांगत आला, रायफल डावीकडे मारते. आम्ही दोन दिवस ती तपासली, नळी बघितली, दुर्बीण बदलून बघितली. शेवटी फ्राऊ हार्टुंगने त्याचा चष्मा काढून घेतला आणि म्हणाली, आता मारा. गोळी मधोमध. चष्म्याचा नंबर चुकला होता. दुसरे एक हेर लोरेन्झ. त्यांनी कुठलासा व्हिडिओ बघून घरी रायफल खोलली, आणि ती बिस्किटांच्या डब्यात भरून आमच्याकडे आणली. मी सगळे भाग कापडावर मांडले. एकही कमी नव्हता. उलट एक स्क्रू जास्त होता. तो त्यांच्या कॉफी मशीनचा निघाला.

अशा लोकांसाठी माझं एक भाषण तयार होतं. शस्त्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडायचं नसतं, ते क्षणभरही नजरेआड करायचं नसतं, कायदा काय म्हणतो, जबाबदारी म्हणजे काय. या भाषणात माझं व्याकरण एकदाही चुकायचं नाही. फ्राऊ हार्टुंग आतल्या खोलीतून हाक मारायची, "हेर पुंक्ट, पूर्णविराम!"

आता रायफल या विषयावर थोडं सांगायला हवं. इथल्या क्लबमध्ये खालून लीव्हर असलेली रायफल वापरायची एक स्पर्धा असते. घोड्यावरचे अमेरिकन गुराखी वापरायचे तशी. लीव्हर खाली ओढून परत वर केली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवीन आत जातं. क्लबचा सभासद होऊन, परीक्षा देऊन, परवान्याचं कार्ड मिळवून मीही तसली एक जुनी रायफल घेतली होती. एवढी वर्षं दुसऱ्यांची दुखणी काढल्यावर आपलंही एक असावं असं वाटलं. आणि ती दुखायला लागलीच. नवीन काडतूस नळीसमोर उचलून धरणारा एक चमच्यासारखा भाग असतो, तो झिजला होता. झीज केसाएवढी, पण काडतूस पुरतं वर यायचं नाही आणि लीव्हर मध्येच अडकायची. तयार भाग मिळत होता. मी म्हटलं, विकतचा कशाला, मी फिटर आहे. दुकानात जेवणाच्या सुट्टीत बसून पोलादाच्या तुकड्यातून मी तो भाग हाताने घडवला. आता फक्त जुना काढून नवा बसवायचा होता.

त्या सुमारास माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. साताऱ्याच्या एका कन्याशाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बोलणं मोजकं, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. लेकीच्या नोकरीबद्दल त्या तासन्‌तास बोलायच्या. माझ्या नोकरीबद्दल त्यांनी सोळा वर्षांत अवाक्षर काढलं नव्हतं. नातेवाइकांना त्या "जावई तिकडे मशिनरीत आहेत" असं सांगायच्या, हे मला विद्याकडून कळलं होतं. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी विद्याला सांगितलं होतं. इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला खरं काय ते कळलं असणार.

बुधवारी आमचं दुकान दुपारनंतर बंद असायचं. विद्या ऑफिसात, मुलगी शिकायला बॉनला. घरी मी आणि आई, म्हणजे सासूबाई. त्या जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होत्या. हायडेलबर्गहून आणलेली मेथी, त्यामुळे एकेक पान जपून. मधेच न बघता म्हणाल्या, "सुधीरराव, तुम्ही तिथे नेमकं करता तरी काय?"

सोळा वर्षांनी आलेला प्रश्न. मी उठलो, बेडरूममधल्या तिजोरीतून रायफल काढली, रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि मेथीच्या शेजारी जुनी चादर अंथरून ती खोलायला घेतली. त्या आधी खुर्ची घेऊन मागे सरकल्या. मग पुढे सरकल्या. मग चष्मा बदलला.

"हा लांब दांडा?"

"हा बोल्ट. हा मागून दार लावतो. जर्मनमध्ये फेर्श्लुस."

"आणि बिघडलंय काय?"

मी झिजलेला भाग तळहातावर ठेवून दाखवला. हा काडतूस उचलतो, वर धरतो, बोल्ट ते आत ढकलतो. हा झिजला की काडतूस वेळेवर पोचत नाही.

"म्हणजे पंगतीतला वाढपी," आई म्हणाल्या. "माणसं बसलीत, भात तयार आहे, पण वाढपी कमरेतून वाकत नाही."

मी सोळा वर्षांत किती गिऱ्हाइकांना हा भाग समजावला असेल. इतकं नेमकं मला एकदाही जमलं नव्हतं. मी इतका खूश झालो की वाढप्याची सगळी वंशावळ सांगायला लागलो. त्या प्रश्न विचारत होत्या आणि तेही मुद्द्याचे. हा पोलादाचाच का? झीज एकाच बाजूला का? मला वाटलं, आता साताऱ्याला गेल्यावर या सांगतील, जावई काय करतात ते.

आणि तेवढ्यात एक पिन अडली. ती ठोकून काढायला पितळी पंच हवा होता आणि छोटा व्हाइस. दोन्ही तळघरात होतं. नियम असा की खोलीतून बाहेर पडायचं असेल तर रायफलचे सगळे भाग आधी तिजोरीत, मग बाहेर. हा नियम मी लोकांना म्हणून दाखवायचो. घरात परवाना नसलेली व्यक्ती असेल तर दुप्पट जोराने म्हणून दाखवायचो.

"आई, दोन मिनिटांत आलो," असं म्हणून मी खाली गेलो.

तळघराच्या दारात खालच्या मजल्यावरचे हेर वाग्नर उभे होते. इमारतीच्या कचऱ्याच्या डब्यांची काळजी वाहणं हे त्यांनी स्वतःवर सोपवून घेतलेलं काम. त्यांच्या हातात एक पाकीट होतं. कागदाच्या डब्यात सापडलेलं, खिडकीवालं, आणि वर माझं नाव.

"हेर पोंक्षे, खिडकी म्हणजे प्लास्टिक. प्लास्टिक पिवळ्या पिशवीत."

मी 'सॉरी' म्हणून निघालो असतो तर हा लेख झाला नसता. पण मी त्या दुपारी गुरुजींच्या तोऱ्यात होतो. मी म्हटलं, खिडकीसकट पाकीट कागदाच्या डब्यात चालतं, पालिकेच्या पत्रकात लिहिलंय. ते म्हणाले, कुठे? मी म्हटलं, पाठीमागे. ते म्हणाले, पत्रक आणतो. त्यांनी खरंच ते आणलं. आम्ही दोघांनी तळघराच्या दिव्याखाली ते पत्रक वाचलं. शेवटच्या परिच्छेदात मी म्हटलं तसंच होतं. मी वाद जिंकलो. जर्मन माणसाशी, जर्मनमध्ये, कचऱ्यावर! पंच आणि व्हाइस घेऊन मी शीळ घालत जिना चढलो.

दार उघडं होतं. आत जेवणाच्या टेबलाशी दोन अनोळखी माणसं बसली होती. एक पन्नाशीची बाई, मांडीवर फाइल. शेजारी एक पोक्त गृहस्थ, त्यांच्या तोंडात लाडू. समोर आमचे चांगले कप, म्हणजे पाहुण्यांसाठीचे. मेथी गायब. रायफल गायब. टेबलावर आईंनी साताऱ्याहून भेट आणलेली नवी कोरी सोलापुरी चादर पसरलेली, तिच्यावर चहा, लाडू, चिवडा. चादरीखाली टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब उंचवटा. त्या उंचवट्यावर बाईंचं कोपर टेकलेलं.

"हेर पोंक्षे? मी आल्ब्रेख्त, लांडरात्सआम्टमधून, म्हणजे जिल्हा कचेरीतून. शस्त्र नीट ठेवलंय का याची तपासणी. कळवून येत नाही आम्ही, तुम्हाला माहीतच असेल."

माहीत होतं. भाषणात त्यावर एक परिच्छेद होता.

"आम्ही बाहेर जिन्यातच थांबणार होतो," बाई जरा ओशाळून म्हणाल्या, "पण या आजींनी..."

"ओळखपत्र दाखवलं हो त्यांनी," आई मराठीत म्हणाल्या. "सरकारी शिक्का होता. तपासणी आलेली दिसते म्हटलं. मग पसारा झाकला आणि चहा टाकला." शाळेत तीस वर्षं तपासण्या काढलेल्या बाई. यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

"तुमच्या नावावर एक रायफल आहे," फ्राऊ आल्ब्रेख्त म्हणाल्या. "तिजोरी दाखवता?"

या वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी त्याऐवजी त्यांना बेडरूमकडे घेऊन गेलो, जसं काही चालता चालता काहीतरी घडेल. तिजोरीचा नंबर दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा दार उघडलं. आत विद्याच्या पाटल्या, आमचे पासपोर्ट आणि नळी साफ करायचा ब्रश.

दोघांनी आत वाकून पाहिलं. "आणि रायफल?"

"ती," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता तिच्यावर कोपर ठेवलं होतंत."

आम्ही परत टेबलाशी आलो. कप उचलले, चिवडा उचलला, गृहस्थांनी लाडवाची ताटली स्वतःच्या हातात धरून ठेवली. मी चादर काढली. नळी, दस्ता, लीव्हर. बारीकसारीक भाग एका स्टीलच्या वाटीत भरून ठेवलेले. फ्राऊ आल्ब्रेख्त यांनी यादी काढली आणि एकेक भाग टिपायला लागल्या. मग थांबल्या.

"फेर्श्लुस?"

बोल्ट नव्हता. इथल्या कायद्यात बोल्ट हा नुसता भाग नसतो, त्याला स्वतंत्र शस्त्रासारखंच धरतात. म्हणजे माझ्या घरात एक शस्त्र हरवलं होतं, तपासणी चालू असताना. मी गुडघ्यांवर बसलो. टेबलाखाली, खुर्च्यांखाली, गालिचाखाली. गृहस्थही ताटली घेऊन माझ्याबरोबर वाकले.

"काय शोधताय?" आई म्हणाल्या.

"आई, तो लांब दांडा. बोल्ट."

"तो होय! किती तेलकट होता. घासून ठेवलाय."

स्वयंपाकघरात भांड्यांच्या जाळीत, झारा आणि उलथनं यांच्या मधे माझा बोल्ट निथळत उभा होता. मी तो इतका स्वच्छ कधीच पाहिला नव्हता. फ्राऊ आल्ब्रेख्त यांनी कागदी रुमालात धरून तो आणला. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता, पण गृहस्थ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. तेवढ्यावर मिटलं असतं कदाचित.

"रायफल घरी उघडली याला हरकत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः हजर असाल तर. प्रश्न असा आहे, तुम्ही किती वेळ बाहेर होता? या आजींना विचारा. मला त्यांचं उत्तर हवंय. तुम्ही फक्त भाषांतर करा."

मी आईंकडे वळलो. "आई, त्या विचारताहेत, मी किती वेळ खाली होतो?"

आईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. विचार करून बोलायची सवय. "वीस मिनिटं झाली असतील. मेथीची अख्खी जुडी निवडून झाली, मग हे लोक आले, मग चहा."

मी फ्राऊ आल्ब्रेख्त यांच्याकडे वळलो. खोटं बोलायचं असं ठरवलं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण कार्ड गेलं तर नोकरी गेली, एवढंच डोक्यात होतं. तोंडातून निघालं, "द्राय मिनुटेन." तीन मिनिटं. आणि वर तीन बोटंही दाखवली.

बाईंनी पेन टेकवलं. तेवढ्यात मागून शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज आला.

"नो, नो. ट्वेंटी. ट्वेंटी मिनिट्स."

आईंनी जन्मभर मराठी शिकवलं, त्यांचं इंग्रजी आकड्यांपुरतंच. पण आकडा चोख होता. दोन्ही पंजे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. वीस.

खिडकीशी उभ्या गृहस्थांचे खांदे हलायचे थांबले. फ्राऊ आल्ब्रेख्त यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तीन की वीस, हेर पोंक्षे?"

"वीस," मी म्हटलं.

त्यांनी रायफल भागांसकट एका लांब पिशवीत घातली, पावती दिली, आईंशी हात मिळवला आणि चहाबद्दल आभार मानले. माझ्याशी हात मिळवला नाही. आईंनी गृहस्थांना जाताना कागदात बांधून दोन लाडू दिले. त्यांनी ते घ्यायला नकार दिला. कायद्याने घेता येत नाहीत म्हणे. मघाशी पोटात गेला तो हिशेबात धरला नसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फ्राऊ हार्टुंगला सगळं सांगितलं. पाकिटाचं सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. बोल्टचं ऐकून ती पाणी पिता पिता ठसकली. तीन मिनिटांपाशी आलो तेव्हा तिने ग्लास खाली ठेवला.

"उठून गेलात हा गाढवपणा. गाढव मी ठेवून घेऊ शकते. पण या दुकानाचा परवाना माझ्या शब्दावर चालतो, आणि माझ्या माणसांच्या." मग म्हणाली, "आम्टचा निकाल येईपर्यंत तुम्ही पुढच्या काउंटरवर. शस्त्राला हात नाही."

चार महिने मी शिकारी मोजे विकले. हिरव्या टोप्या विकल्या. कुत्र्यांसाठीच्या शिट्ट्या विकल्या, ज्या माणसाला ऐकू येत नाहीत. त्यामुळे गिऱ्हाईक विचारायचं, "ही वाजते का?" आणि मी शपथेवर सांगू शकायचो नाही. एक दिवस कुणीतरी घरी खोललेली रायफल घेऊन आलं. मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. "आत द्या," एवढंच म्हटलं. आतून फ्राऊ हार्टुंगने मान बाहेर काढून बघितलं, आज भाषण का नाही म्हणून.

आम्टमधून कागद आला. तुमचं म्हणणं लेखी कळवा. विद्याने दोन पानी मसुदा केला. सुंदर जर्मन, प्रत्येक वाक्यात माझी चूक थोडी कमी होत गेलेली, शेवटच्या वाक्यापर्यंत जवळजवळ कुणाचीच नाही. मी तो वाचला. "विद्या, हे फार छान आहे."

"मग पाठव."

"यात मी तीन मिनिटं म्हणालो ते कुठे आहे?"

"ते 'भाषांतरातील गैरसमज' मधे आलंय."

मी तो बाजूला ठेवला आणि स्वतः अर्धं पान लिहिलं. वीस मिनिटं गेलो होतो. त्यातली बरीच पाकिटावर वाद घालण्यात गेली. विचारल्यावर खोटं बोललो. व्याकरणाच्या चार चुका राहिल्या, असं विद्याने नंतर प्रत वाचून सांगितलं.

ताकीद मिळाली, लेखी आणि कडक. परत असं झालं तर कार्ड रद्द. रायफल भागांच्या पिशवीत परत मिळाली. ती घेऊन मी तडक दुकानात गेलो. आता निदान माझ्या हाताने घडवलेला वाढपी बसवायचा होता, ज्याच्यापायी हे सगळं झालं. फ्राऊ हार्टुंग शेजारी उभी राहिली. मी तो बसवला, पितळेची खोटी काडतुसं भरली आणि लीव्हर ओढली.

अडकली.

पुन्हा ओढली. पुन्हा अडकली. तिने भाग काढून मोजला. जिथे झीज झाली होती नेमकं तिथेच मी दोन कानशी जास्त मारल्या होत्या. म्हणजे चार महिन्यांची शिक्षा भोगून मी झिजलेल्या भागाच्या जागी नवा, हाताने झिजवलेला भाग बसवला होता.

"विकतचा मागवू?" तिने विचारलं. चेहऱ्यावर अजिबात हसू नव्हतं. मी पोलादाचा दुसरा तुकडा मागितला. त्याला दोन दिवस लागले आणि तो बसला. पुढे काही वर्षं मी ती रायफल क्लबात चालवली. बक्षीस कधी मिळालं नाही.

एक गोष्ट मात्र मला डाचत राहिली. आई त्या प्रसंगानंतर महिन्याभराने साताऱ्याला परत गेल्या. आपण बोल्ट घासला म्हणून जावयांवर बालंट आलं असं त्यांना वाटत असणार, अशी माझी समजूत होती. विद्याने त्यांना "ऑफिसची थोडी कटकट चालू आहे" एवढंच सांगितलं होतं. मी त्यांच्या उत्तराचं काय केलं हे त्यांना ठाऊक नाही, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. ताकीद आल्यावर एका रविवारी मी हिय्या करून फोन लावला.

"आई, बोल्ट तुम्ही घासला त्याने काही झालं नाही. दुसरंच एक झालं होतं. त्या बाईंना तुम्ही वीस मिनिटं सांगितलीत. मी भाषांतर करताना तीन सांगितली."

"माहीत आहे."

"तुम्हाला? तुम्हाला जर्मन कुठे..."

"तीन बोटं दाखवलीत की तुम्ही. वर्गात मुली एकमेकींना बोटांवर उत्तरं सांगायच्या. तेच बघण्यात जन्म गेला माझा."

"म्हणजे तुम्ही ते ट्वेंटी मुद्दाम..."

"मग? चुकून म्हणेन का?"

"माझी नोकरी जाऊ शकली असती, आई."

"हो. ते नंतर विद्याच्या बोलण्यावरून कळलं. रात्रभर वाईट वाटलं मला." मग त्यांनी नेहमीप्रमाणे शब्द जुळवून सांगितलं. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. "पण सुधीरराव, त्यांनी विचारलं मला होतं. उत्तर माझं होतं. ते तुम्ही कसं बदललंत?"

मी म्हटलं, "चुकलं, आई." मराठीतून. सोबत कुठलंही स्पष्टीकरण जोडलं नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता विद्याला द्या."

मी फोन विद्याला दिला.